कोवळ्या रोपांचे पहिले पंधरा दिवस

ट्रेमधली रोपे एका रात्रीत माना टाकतात तेव्हा रोपे वाढवणारा पहिला प्रश्न विचारतो तो एकच: आता काय फवारू? टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, कांदा, झेंडू, रोप कोणतेही असो, दिसते ते सारखेच. काल संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपे सकाळी मातीलगत पिळवटून आडवी पडलेली असतात. पाने अजून हिरवीच, पण खोडाचा तळ दोऱ्यासारखा बारीक झालेला. काही बिया तर वर येतच नाहीत, आणि त्यांचा दोष बियाणे कंपनीच्या माथी मारला जातो. 'मर' नावाच्या या रोगाचा अभ्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यावरचे उपाय शेकड्यांनी सांगितले गेले आहेत. हे सगळे एकत्र मांडून पाहिले तर काय टिकते? माझ्या मते एक गोष्ट ठामपणे टिकते. मर हा रोप आणि रोगकारक यांच्यातल्या वेगाचा मामला आहे. रोप कोवळे राहण्याचा काळ जितका लांबेल तितके नुकसान वाढते. म्हणून प्रत्येक उपायाची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी: याने तो काळ आखूड होतो का, किंवा निदान त्या काळात बुरशीला थोपवले जाते का? बाटलीवर लिहिलेल्या औषधाच्या नावापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आधी आरोपी कोण ते पाहू. मुख्य दोघे: पिथियम आणि रायझोक्टोनिया. फायटोफ्थोरा आणि फ्युजारियम यांचाही हात असतो, पण घरातल्या आणि रोपवाटिकेतल्या ट्रेमध्ये बहुतेक वेळा हे दोघेच सापडतात. पिथियम ही प्रजाती प्रिंग्सहाइम यांनी १८५८ मध्ये नोंदवली आणि ती उगवत्या रोपांना मारते हे हेस्से यांनी १८७४ मध्ये दाखवले. भारतात पुसा येथे काम करणाऱ्या ई. जे. बटलर यांनी १९०७ मध्ये या प्रजातीवर सविस्तर ग्रंथच लिहिला. आपल्याकडच्या वनस्पतिरोगशास्त्राच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी ते एक. आपण सोयीसाठी पिथियमला बुरशी म्हणतो, पण तिचे नाते खऱ्या बुरशींपेक्षा तपकिरी शेवाळांशी अधिक जवळचे. तिच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने कायटिन नसून सेल्युलोज आणि ग्लुकन असतात, आणि तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात शेपट्या हलवत चक्क पोहतात. रायझोक्टोनियाचे वागणे वेगळे. ती असे बीजाणू सोडत नाही. तिचे तपकिरी, काटकोनात फुटणारे धागे मातीतून सरकत जातात, आणि तिला पिथियमइतका चिखल लागत नाही. फरक डोळ्यांनीही बराचसा ओळखता येतो. मेलेले रोप हलकेच उपटून पाण्यात धुवावे. मुळांची बाहेरची साल बोटांत निसटून आली आणि आत नुसता पांढरा धागा उरला, तर संशय पिथियमवर. मुळे बऱ्यापैकी शाबूत असून मातीच्या रेषेवर खोडाला लालसर तपकिरी, खोलगट डाग असेल तर रायझोक्टोनियावर. ही पारख अचूक नसते, पण पुढे औषध निवडताना तिचा उपयोग होतो.

वेगाच्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा १९४७ सालचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील एल. डी. लीच यांनी वेगवेगळ्या तापमानाला काही पिकांचा उगवण्याचा वेग आणि रोगकारकांचा वाढीचा वेग शेजारी शेजारी मोजला. तोवर सर्वसाधारण समज असा होता की रोगकारकाला जे तापमान सर्वांत मानवते त्याच तापमानाला मर सर्वाधिक होणार. लीच यांना तसे दिसले नाही. थंडीत सुखाने उगवणाऱ्या पालकाचे नुकसान गरम मातीत वाढले, तर उष्णता मागणाऱ्या कलिंगडाचे थंड मातीत. रोगकारक तोच, माती तीच. फरक पडला तो दोघांच्या वेगाच्या गुणोत्तरात. रोप पुढे राहिले की वाचले, मागे पडले की गेले. सत्तरहून अधिक वर्षांनंतरही या निष्कर्षाला मोठा धक्का लागलेला नाही, आणि तरीही रोपांविषयीच्या सल्ल्यात तो क्वचितच सांगितला जातो याचे नवल वाटते.

आता याला उगवणीचे आकडे जोडून पाहा. कॅलिफोर्नियातच हॅरिंग्टन यांनी भाजीपाल्याच्या उगवणीची कोष्टके तयार केली. ती आजही वापरात आहेत. टोमॅटोला २५ अंश सेल्सियसला उगवायला सुमारे सहा दिवस लागतात, १५ अंशाला चौदा आणि १० अंशाला त्रेचाळीस. मिरचीचे अंतर तर आणखी बोलके आहे: २५ अंशाला आठ-नऊ दिवस, १५ अंशाला पंचवीस. म्हणजे केवळ दहा अंशांनी बी ओल्या मातीत तिप्पट काळ पडून राहते, आणि सबंध काळ ते आजूबाजूला साखर, अमिनो आम्ल आणि स्निग्ध आम्ल पाझरत असते. कॉर्नेल विद्यापीठातील एरिक नेल्सन यांच्या कामातून दिसते की हा पाझर लागताच पिथियमचे सुप्त बीजाणू अवघ्या काही तासांत अंकुरतात आणि चोवीस तासांत बीला ग्रासू शकतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये फेब्रुवारीत खिडकीच्या कठड्यावर लवंगी मिरची पेरणाऱ्या मराठी घरांची अडचण इथेच आहे. खोली २१ अंशांवर असते, पण काचेला टेकलेल्या ट्रेमधली माती रात्री १५ अंशांच्या खाली सहज उतरते. तिथे हीट मॅट ही बुरशीनाशकाच्या तोडीची गोष्ट ठरते, तेही रोपाला रसायनाचा थेंब न लावता. उगवण झाली की मात्र मॅट काढावी. उगवलेल्या रोपाला सततची ऊब दिली तर ते उंच, हडकुळे होते.

यावर एक आक्षेप महाराष्ट्रातून येणारच: आमच्याकडे जुलैत माती थंड कुठे असते? नारायणगाव, पिंपळगाव बसवंत भागातल्या रोपवाटिकांत पावसाळ्यात रोपे झपाट्याने वाढतात आणि तरीही मरतात. आक्षेप खरा आहे, पण तो वेगाच्या तर्काला खोडून काढत नाही. उष्ण प्रदेशात मुख्य पिथियम वेगळी असते. पिथियम अफॅनिडर्मेटम ही ३० ते ३५ अंशांच्या आसपास सर्वाधिक जोमाने वाढते, म्हणजे रोपाला उष्णतेतून मिळणारी आघाडी तिथे ती भरून काढते. शिवाय पावसाळ्यात रोप मंदावते ते थंडीने नव्हे, तर ढगाळ उजेडाने आणि मुळांना हवा न मिळाल्याने. म्हणून आपल्याकडे शर्यत उष्णतेऐवजी पाणी आणि प्रकाश यांवर जिंकावी लागते. कांद्याचे रोप सपाट वाफ्यापेक्षा गादीवाफ्यावर टाकण्याची शिफारस त्याच कारणासाठी आहे.

पाण्याबद्दलच्या सल्ल्यात सर्वांत जास्त गोंधळ आहे, त्यामुळे इथे थोडे थांबायला हवे. 'जास्त पाणी घालू नका' हे सगळेच सांगतात, पण ट्रेमध्ये प्रश्न पाण्याच्या मापाइतकाच भांड्याच्या उंचीचाही असतो. कोणत्याही मातीत पाणी दिल्यावर गुरुत्वाने जास्तीचे पाणी खाली जाते, पण तळाशी एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो, कारण केशाकर्षण त्याला धरून ठेवते. या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. म्हणजे तेच कोकोपीट बादलीत भरले तर तळाशी दोन बोटे चिखल राहतो आणि वर भरपूर हवा असते. तेच प्रोट्रेच्या उथळ कप्प्यात भरले तर जवळजवळ अर्धा कप्पा चिखलच. भिजवलेला स्पंज आडवा धरला तर थेंब गळायचे थांबतात, उभा केला की पुन्हा पाणी सुटते. ट्रे पाणी घातल्यावर दोन मिनिटे तिरका धरला की तेच घडते आणि तळातले पाणी वाहून जाते. हे करून पाहायला खर्च काहीच नाही. तळाला खडे घातले की निचरा सुधारतो हा समज मात्र सोडून द्यायला हवा. खडे घातल्याने भिजलेला थर फक्त वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. त्यापेक्षा माध्यमातच जाडसर कण, परलाइट किंवा धुतलेली जाड वाळू मिसळावी, म्हणजे वाफसा लवकर येतो. बी पेरल्यावर वर पातळ थर वर्मिक्युलाइटचा किंवा कोरड्या वाळूचा दिला तर खोडाची मान कोरडी राहते, आणि हल्ला नेमका तिथेच होतो.

मग वरून पाणी घालण्यापेक्षा ट्रेखाली पाणी ठेवावे, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला कितपत बरोबर? वरची माती कोरडी राहते हे खरे. पण सामायिक तळातल्या पाण्यातून पिथियमचे पोहणारे बीजाणू एका कप्प्यातून सगळ्या कप्प्यांत पोहोचू शकतात, आणि तासन्‌तास तळ भिजत ठेवला तर वर सांगितलेला चिखलाचा थर कायमचा होतो. म्हणून खालून पाणी द्यावे, पण मातीच्या वरच्या थराला ओल दिसताच उरलेले पाणी ओतून टाकावे, आणि एका ट्रेतले पाणी दुसऱ्याला वापरू नये. विहिरीच्या उघड्या टाकीतले किंवा शेततळ्यातले पाणी रोपांसाठी वापरले तर रोगकारक थेट पाण्यातूनच येण्याची शक्यता असते. घरात नळाचे क्लोरीनयुक्त पाणी या बाबतीत अधिक भरवशाचे.

दाटी आणि उजेड यांबद्दल थोडक्यात. १९७५ मध्ये बर्डन आणि चिल्व्हर्स यांनी हलिमाच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत रोपांची दाटी वाढली की पिथियमची आगेकूच वाढते हे मोजून दाखवले. रोपांमधले अंतर वाढले की रोग त्या मानाने रेंगाळतो. सबंध पुडी एका वाडग्यात उधळणाऱ्याने आपला निम्मा धोका स्वतः विकत घेतलेला असतो. उजेड कमी पडला की रोप लांबते, पेशीभित्तिका पातळ राहतात आणि कोवळेपणाचा काळ वाढतो. खिडकीत एका बाजूने येणारा उजेड मिरचीला पुरत नाही. ग्रो लाइट रोपाच्या वर चार बोटांवर लावून दिवसाला चौदा ते सोळा तास चालू ठेवला तर रोप बुटके आणि घट्ट राहते. घट्टपणाचे रासायनिक कारणही सापडले आहे. बेटमन आणि लम्सडेन यांनी १९६५ मध्ये श्रावणघेवड्याच्या कोवळ्या खोडांचा अभ्यास केला. खोड जून होताना त्यातले पेक्टिन कॅल्शियमशी बांधले जाते आणि रायझोक्टोनियाच्या पेक्टिन विरघळवणाऱ्या विकरांना ते सहजासहजी तुटत नाही. म्हणूनच दोन-तीन आठवड्यांनंतर तीच बुरशी त्याच ट्रेमध्ये असूनही रोप बहुधा पडत नाही. नत्राचा मारा केला की हे जून होणे लांबते. बीजदलांवर असलेल्या रोपाला १९:१९:१९ खत पाजण्याची घाई त्यामुळे अंगलट येते.

आता निर्जंतुकीकरण. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी वाफेने तापवलेल्या मातीवर आधारलेली मिश्रणे ठरवली, आणि रोपांची मर मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आली. पुढे कॅलिफोर्नियात केनेथ बेकर यांनी १९५७ मध्ये रोपवाटिकांसाठीची पूर्ण पद्धतच लिहून काढली. या यशावरून असा समज रुजला की माध्यम जितके निर्जंतुक तितके रोप सुरक्षित. बेकर यांचेच काम या समजाला मर्यादा घालते. माती १०० अंशांपर्यंत तापवली की चांगले-वाईट सगळेच मरते आणि मग हवेतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या ट्रेमधून आलेला पिथियमचा एखादा कण रिकाम्या मैदानात पसरतो. म्हणून त्यांनी हवा मिसळलेल्या वाफेने सुमारे ६० अंशांवर अर्धा तास तापवण्याचा मार्ग सुचवला: रोगकारक मरतात, बरेच उपयुक्त जिवाणू वाचतात. घरच्या ओव्हनमध्ये माती भाजणाऱ्यांना असे नियंत्रण जमत नाही. भरमसाट तापलेल्या मातीत अमोनिया आणि मँगेनीज वाढून रोपाला अपायही होतो. त्यापेक्षा ट्रे आणि चिमटे ब्लीचच्या सौम्य द्रावणात, नऊ भाग पाण्यात एक भाग, बुडवून नंतर स्वच्छ धुणे फार अधिक फायद्याचे. शेतकऱ्यांसाठी वाफेचा सोपा पर्याय ऊन हाच. इस्रायलमधल्या याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेले सौर निर्जंतुकीकरण, म्हणजे ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरणे, विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांसाठी जणू बेतलेलेच आहे. काळे प्लास्टिक त्यासाठी कमी परिणामकारक, कारण ते ऊन मातीपर्यंत जाऊ देत नाही.

रसायनांचा मान ठेवूनच बोलायला हवे. बियांना थायरम किंवा कॅप्टन चोळून पेरणे हा या रोगावरचा गेल्या शतकातला सर्वांत स्वस्त आणि यशस्वी उपाय होता. तो यशस्वी का झाला? औषध नेमके बीवर असते आणि नेमक्या त्या पहिल्या दिवसांत असते, म्हणजे वेळेच्या गणितात ते चपखल बसते. उलट रोपे पडू लागल्यावर केलेली आळवणी पडलेल्या रोपाला उठवत नाही. ती शेजारच्या निरोगी रोपांना वाचवू शकते, एवढेच. औषध निवडताना आरोपी कोण हे कळायला हवे. १९७७ मध्ये बाजारात आलेले मेटालॅक्सिल पिथियमवर चालते, रायझोक्टोनियावर नाही. कार्बेन्डाझिम रायझोक्टोनियावर चालते, पिथियमवर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून 'बुरशीनाशक टाकले तरी रोपे मरतात' ही तक्रार अनेकदा चुकीच्या औषधाची असते. दर आठवड्याला आळवणी करणाऱ्या मोठ्या रोपवाटिकांची रोपे चांगली येतात, मग औषधाला कमी का लेखायचे, असे कोणी म्हणेल. ती रोपवाटिका दर बीला एक कप्पा देते, शेडनेटखाली हवा खेळती ठेवते आणि २५ ते ३० दिवसांत रोप शेतात पाठवते. आळवणीचे श्रेय या तिन्ही गोष्टींपासून वेगळे करता येत नाही. मेटालॅक्सिलला दाद न देणारे रोगकारक त्याच्या आगमनानंतर काही वर्षांतच, काकडीच्या केवड्यात आणि बटाट्याच्या करप्यात, सापडू लागले होते. घरात, जिथे ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तिथे तर अशी आळवणी मला अनाठायी वाटते.

जैविक उपायांत ट्रायकोडर्मा या बुरशीचा पाया पक्का आहे. १९३२ मध्ये वाइंडलिंग यांनी ती रायझोक्टोनियाच्या धाग्यांना विळखा घालून खाते हे दाखवले, आणि १९७९ मध्ये हादर, चेट आणि हेनिस यांनी गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या ट्रायकोडर्माने रोपांची मर कमी करून दाखवली. पण तिला माध्यमात आधी स्थिरावायला वेळ लागतो. पेरणीआधी आठ-दहा दिवस ओलसर माध्यमात मिसळलेला ट्रायकोडर्मा आणि रोपे पडल्यावर घाईने ओतलेला ट्रायकोडर्मा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावर किमान २० लाख जिवंत पेशी प्रति ग्रॅम असे लिहिलेले असते, पण उन्हात ठेवलेल्या दुकानातल्या जुन्या पाकिटात त्यांपैकी किती उरल्या असतील याचा विचार खरेदी करताना करावा. चांगले मुरलेले कंपोस्टही असेच काम करते. ओहायोमधल्या हॅरी होइटिंक यांच्या संशोधनाने कंपोस्टची ही ताकद जगासमोर आणली आणि सोबत एक इशाराही दिला: अर्धवट कुजलेले कंपोस्ट पिथियमला खाद्य पुरवते. ताजे शेणखत ट्रेमध्ये मिसळणे म्हणूनच घातक. मुरलेल्या कंपोस्टच्या उपयोगामागचे एक कारण नेल्सन यांच्याच कामातून उलगडते: काही जिवाणू बीने पाझरलेली स्निग्ध आम्ले आधीच खाऊन टाकतात, त्यामुळे पिथियमला जागे होण्याचा निरोपच मिळत नाही.

हळद, राख, दालचिनी, आंबट ताक, हायड्रोजन पेरॉक्साइड यांबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. दालचिनीतले तेल काचेच्या बशीत बुरशी रोखते, पण मातीच्या वर भुरभुरलेली पूड मुळापर्यंत जात नाही. राख, हळद यांचा जो थोडा उपयोग दिसतो तो बहुधा वरचा थर कोरडा राहिल्याचा असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड सेंद्रिय माध्यमाला लागताच पाणी आणि प्राणवायूत मोडते. त्याचा परिणाम काही क्षणांचा.

आणि तरीही रोपे पडली तर? पडलेले रोप वाचत नाही, हे स्वीकारावे. ते आणि त्याच्या भोवतीची बोटभर माती चमच्याने उचलून कचऱ्यात टाकावी, कंपोस्टमध्ये नाही. शेजारची रोपे नव्या कोरड्या माध्यमात वेगळी लावावीत, पंखा मंद गतीने सोडावा आणि वरचा थर फिकट दिसेपर्यंत पाणी थांबवावे. पाव भागाहून जास्त ट्रे गेला असेल तर उरलेल्याला वाचवण्याच्या नादात आठवडा घालवण्यापेक्षा ट्रे धुऊन पुन्हा पेरलेले बरे. २५ अंशांवर टोमॅटो सहा दिवसांत वर येतो, आणि मार्चच्या मध्यावर पेरलेले जोमदार रोप फेब्रुवारीतल्या आजारी रोपाला मे महिन्यापर्यंत गाठते. मिरचीचे मात्र तसे नाही. तिचा हंगाम लांब असतो, गमावलेले तीन आठवडे तिला भरून काढता येत नाहीत, म्हणून पुडीतले बी थोडे राखून ठेवून ते पहिल्या पेरणीनंतर आठवड्याने दुसऱ्या ट्रेमध्ये टाकावे.